फोटो घावंना

रविवार, ४ जानेवारी

‘आई, तू आमच्याबरोबर आली नव्हतीस का?’ पूर्णिमा सहा वर्षांची होती, तेव्हा महाबळेश्वरच्या सहलीचा अल्बम मांडीवर घेऊन तिनं मला असं विचारलं होतं. सत्तावीस फोटो होते. घोड्यावर ती, नाकाला क्रीम लागलेली ती, तिचे बाबा, पॉइंटच्या कठड्यापाशी आजी-आजोबा. मी एकाही फोटोत नव्हते. सगळ्यांच्या बॅगा आणि स्वेटर सांभाळत कॅमेऱ्याच्या दोन हात डावीकडे उभी असेन. आले होते की गं, असं मी हसून म्हटलं. ती पुन्हा पहिल्या पानापासून शोधत बसली.

आज हे आठवलं, कारण आज चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा खराखुरा कॅमेरा हातात घेतला. तो पूर्णिमाचाच, जुना, कुरियरनं पाठवलेला. सोबत ऑनलाइन क्लासची लिंक आणि एक ओळ: आई, काहीतरी शिक ना.

शुक्रवारी कोल्हापुरात आले. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात कानाच्या तपासणीचं काम मिळालं आहे. घर तिथून चालत सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, समोर दोन कोचिंग क्लास, दिवसभर रिक्षा आणि दुचाक्यांची वर्दळ. मला ती आवडली. एकटीनं राहायचं तर खिडकीखाली माणसं हवीत. हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि खिडकीशी एक वेताची खुर्ची. चार वाजता उन्हाचा पट्टा खुर्चीवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढतो.

घरमालक हंबीरराव कागलचे. ऊस आणि म्हशी. किल्ली द्यायला स्वतः आले, काकवीची बाटली घेऊन. पावणं, पावणं करत सगळं घर दाखवलं आणि शेवटी हॉलमधल्या त्या भिंतीपाशी थांबले. तिथे काळ्या लाकडाची एक मोठी फ्रेम आहे, चंदनाच्या सालींचा हार घातलेली. आत काहीच नाही. काच, आणि काचेमागे काळा पुठ्ठा.

त्यांची धाकटी बहीण क्रांती या घरात अठरा वर्षं एकटी राहिली. दोन वर्षांपूर्वी गेली. दहाव्याला फोटो लागणार म्हणून आधी फ्रेम करून आणली, मग भावकीतले सगळे अल्बम पालथे घातले. ‘फ्रेम हाय, हार हाय, फोटोच घावंना,’ असं म्हणून त्यांनी हात झटकले. तेवढी फ्रेम काढू नका म्हणाले, बाकी घर तुमचंच की.

नाही काढणार, असं मी सांगितलं. एका बाईचा एकही फोटो नसावा, याचं मला नवल वाटलं नाही.

पूर्णिमा एकतीस तारखेला येणार आहे. चार दिवस राहणार आहे. सात वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवार, ६ जानेवारी

रविवारी संध्याकाळी पहिला क्लास झाला. स्क्रीनवर अकरा चौकोन, अकरा घरं. शिकवणारे मोहित सर पूर्णिमाहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी सांगितलं की कॅमेऱ्याला तीनच गोष्टी कळतात: खिडकी किती उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची, आणि आतल्याला उजेडाची भूक किती. मी वहीत तसंच उतरवून घेतलं. अॅपर्चर, शटर, आयएसओ ही नावं त्यापुढे कंसात लिहिली.

गृहपाठ: घरातली एक वस्तू, दहा वेळा. मी स्टीलचा पेला घेतला. नऊ फोटो धूसर आले, आणि दहाव्यात पेल्यामागची भिंत फार सुरेख आली. सरांनी लिहिलं, ताई, तुम्हाला काय हवंय ते कॅमेरा ओळखत नाही, त्याला सांगावं लागतं. मला वाटलं, हे मला कुणीतरी पंचविसाव्या वर्षी सांगायला हवं होतं, आणि कॅमेऱ्याबद्दल नव्हे.

केर-भांड्यांना आणि भाकरीला बयाबाई येतात. साठीच्या, बारीक, आवाज मात्र तीन मजले ऐकू जाईल असा. इथल्या बायका स्वतःला ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. कानाला रांगडं आणि मोकळं वाटतं. मी चहात दोन चमचे साखर घालते हे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. आधीच्या क्रांतीताई कोरा, बिनसाखरेचा प्यायच्या म्हणे.

रविवार, ११ जानेवारी

आज आम्ही शटर शिकलो. मावळतीला कॅमेरा खिडकीत पुस्तकांच्या चळतीवर ठेवला आणि शटर वीस सेकंद उघडं राहू दिलं. खाली गल्ली वाहत होती. फोटोत मात्र एक माणूस नाही, एक गाडी नाही. जे हलत होतं ते सगळं पुसलं गेलं. राहिले फक्त विजेचे खांब, उभ्या करून ठेवलेल्या गाड्या आणि नारळवाला, कारण तो गाडीला टेकून झोपला होता. क्लासमध्ये सगळे त्याला खूप हसले.

दवाखान्यात माझी खोली बिनआवाजाची आहे. रोगी कानाला हेडफोन लावून बसतो, मी बारीक बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. काही जण मी काहीही सोडलेलं नसताना बटण दाबतात. ते खोटं बोलत नसतात. वाट बघून बघून त्यांना ऐकू येतं.

पूर्णिमाशी नऊ मिनिटं बोलणं झालं. काय करू तुझ्यासाठी, असं विचारलं. काहीही कर म्हणाली.

ती बारा वर्षांची असताना कोर्टात तिला विचारलं होतं, कुणाकडे राहायचं. तिनं बाबांचं नाव घेतलं. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. या खेपेला विचारायचं नाही. फक्त तिचे भरपूर फोटो काढायचे, आणि एक तिच्याकडून माझा काढून घ्यायचा. असं ठरवलं आहे.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. बयाबाईंनी ज्वारीच्या पिठाचे हात पुसून माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. मग खाली बसून क्रांतीताईंचं सगळं सांगितलं. त्या या हॉलमध्ये शिवणक्लास घ्यायच्या. घरात लग्न असलं आणि फोटोवाला आला की कुणीतरी हाक मारायचं, ‘क्रांते, पोरगं धर जरा,’ ‘क्रांते, आहेर बघ जरा.’ त्या धरायच्या, बघायच्या. हंबीररावांना एका फोटोत त्यांचं कोपर तेवढं सापडलं. ब्लाउजच्या काठावरून ओळखलं. बयाबाई म्हणाल्या, ‘कोपराला हार घालतासा व्हय?’ आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

त्या याच वेताच्या खुर्चीत गेल्या. चौथ्या दिवशी कळलं. शिवणाच्या पोरी रोज दार वाजवून परत जात होत्या.

मी फ्रेमपाशी दोन तिळगूळ ठेवले. गोड बोला, असं म्हणवलं नाही.

रविवार, १८ जानेवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

या आठवड्याचं काम होतं स्वतःचा फोटो, पण आरशाशिवाय आणि मोबाइलशिवाय. आपलं प्रतिबिंब घरात आणखी कुठे सापडतं ते शोधा, असं सरांनी सांगितलं होतं. मी तव्यात बघितलं, पातेल्यात बघितलं, टीव्हीत बघितलं. नाक तेवढं दिसे. मग साडेचारला उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला, आणि त्या रिकाम्या फ्रेमच्या काळ्या काचेत मी उभी होते. इतकी स्पष्ट, इतकी मऊ उजेडात, की मी जागच्या जागी थांबले.

कॅमेरा तिवईवर थोडा डावीकडे लावला, म्हणजे तो स्वतः काचेत येणार नाही. पहिल्या फोटोत काचेवरची धूळ आली, मी नाही. मग कळलं की काचेवर नजर लावून चालत नाही, काचेच्या आत जिथे आपण उभे असल्याचा भास होतो, तितकं लांब बघायला कॅमेऱ्याला सांगावं लागतं. तसं सांगितलं. दहा सेकंदांचा टायमर लावून समोर जाऊन उभी राहिले. हसले नाही. नुसती बघत राहिले.

फोटो बघून मलाच रडू आलं. काळ्या पार्श्वभूमीवर माझा चेहरा, सभोवती चंदनाच्या सालींची महिरप. इतकी वर्षं मी अशी दिसत होते, आणि कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी तो क्लासच्या ऑनलाइन प्रदर्शनाच्या पानावर टाकला. वर्गातला पहिलाच निवडलेला फोटो. पूर्णिमाला पाठवला. तिनं लिहिलं, छान. दहा मिनिटांनी पुन्हा लिहिलं, आई, पण हार कशाला?

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खरंच आलं नव्हतं तोवर. मी उजेड बघत होते.

सोमवार, १९ जानेवारी

बयाबाईंना कौतुकानं फोटो दाखवला. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. जितं माणूस हारात, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, फ्रेम रिकामीच आहे की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गरम तव्यावर हात ठेवणाऱ्या लेकराकडे पाहीन. म्हणाल्या, ‘जागा रिकामी हाय म्हणून जाऊन बसायचं व्हय ताई? दोन वर्सं त्या जागेला मानूस मिळंना. आन तुमी आपल्या पायानं गेलासा.’

फोटो पुसून टाका, फ्रेमला हळदकुंकू वाहा आणि नारळ फोडून माफी मागा, असं बजावून गेल्या. मी हो म्हटलं. हळदकुंकू वाहिलं, नारळही फोडला. संध्याकाळी फोटो पुसायला बसले. बोट बटणावर ठेवलं आणि उचललं. साऱ्या आयुष्यात एक फोटो बरा आला, आणि तो पुसायचा?

नाही पुसला.

बुधवार, २१ जानेवारी

दोन बारीकसारीक गोष्टी.

दवाखान्यात पोचले तर तिथला शिपाई कृष्णात म्हणाला, आता परत कशाला आलासा मॅडम? त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी नऊलाच आले होते, बाकावर बसून त्याच्याशी बोलले, कोरा चहा घेतला. बिनसाखरेचा, हे त्यानं मुद्दाम सांगितलं, कारण रोज मी दोनदा साखर मागते. त्याचा काहीतरी घोटाळा झाला असेल.

दुसरी: हॉलमध्ये कुठेही बसलं तरी फ्रेमच्या काचेत मी दिसते. समोर नसले तरी. सरांनी प्रतिबिंबाचा नियम शिकवला आहे. ज्या कोनातून उजेड येतो, त्याच कोनातून जातो. या नियमात हे बसत नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

वेताच्या खुर्चीत बसून टायमरनं फोटो काढला. मी निळा पंजाबी ड्रेस घातला होता. फोटोतल्या बाईनं लुगडं नेसलेलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. कपाळ रुंद. भुवया मधे जुळलेल्या. हात मांडीवर, कोपर जरा बाहेर.

ती मी नाही.

तीन वेळा काढला. तीनदा तीच. तिसऱ्यात तिनं पदर नीट केला होता.

घाबरून ग्रूपवर टाकला आणि विचारलं, हे काय झालंय कुणी सांगाल का? सरांनी लिहिलं, ताई, तुम्ही पहिल्यांदाच निवांत बसलात, हा तुमचा सर्वांत खरा फोटो. नऊ जणांनी फुलं पाठवली. एकीनं लिहिलं, ऋताताई, निळा रंग तुम्हाला खुलतो.

मला निळा कुठेच दिसत नाही. मला ती दिसते.

रविवार, २५ जानेवारी

पूर्णिमाचा व्हिडिओ कॉल. मी फोन समोर धरून बसले होते. ती बोलायला लागली, पण नजर माझ्या डाव्या खांद्यावरून पलीकडे. मी सरकले, तर आणखी पलीकडे.

बेचाळीस मिनिटं बोलली. हॉस्टेलमधलं भांडण, एक मुलगा, मग कोर्टातला तो दिवस. म्हणाली, बाबांचं नाव घेतलं कारण तू माझ्याकडे बघतच नव्हतीस गं, खाली बघत होतीस. मी सांगायला गेले की तुझ्याकडे बघितलं असतं तर मी तिथेच मोडून पडले असते. माझा आवाज तिच्यापर्यंत गेला नाही. ती गप्प राहून कुणाचं तरी ऐकत होती. मग रडली. मग हसली आणि म्हणाली, आई, तू ‘मी बसतो’ काय म्हणतेस, पार कोल्हापुरी झालीस. आणि म्हणाली, तू पहिल्यांदा माझं नीट ऐकलंस.

फोन माझ्याच हातात होता.

सोमवार, २६ जानेवारी

कार्डातला फोटो पुसला. लॅपटॉपमधला पुसला. प्रदर्शनाच्या पानावरचा काढा म्हणून सरांना लिहिलं. थोड्या वेळानं स्क्रीनवर माझ्या नावानं दुसरा निरोप दिसला: राहू दे सर, गमतीनं म्हटलं. तो मी लिहिला नाही.

मग फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि पलंगावर पालथी ठेवली.

मला दिसेना. भर अकरा वाजता. डोळे उघडे होते, पापण्यांना हात लावून पाहिलं. खाली शाळेच्या पोरांच्या घोषणा ऐकू येत होत्या, आणि समोर नुसता काळोख. चाचपडत फ्रेम उचलली, सुलटी केली. दिसलं. छत.

पुन्हा खिळ्याला लावली. काच फोडावी असं आलं होतं मनात. तो विचार पुढे नेववला नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

घर सोडून जायचं ठरवलं. जिना उतरले. पायऱ्या पायांना लागत होत्या, कठडा हाताला लागत होता, पण डोळ्यांपुढे हॉलच. खुर्ची, खिडकी, दार. त्याच उंचीवरून. रस्त्यावर पोचले असेन, कारण हॉर्न अगदी कानाशी वाजला. परत फिरले.

दुपारी हंबीरराव आले. हॉलमध्ये आले आणि थबकले. टोपी काढली.

‘घावला की.’

मी ओरडले. हंबीरराव, ही मी आहे, ऋता, तुमची भाडेकरू. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. ते रडत होते. म्हणाले, क्रांते, रागावलीस व्हय, कसली बघायलीस. हार सारखा केला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून हात जोडले. लई उपकार झाले पावणं, कुठं घावला?

दारातून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ते मान डोलवत होते.

बुधवार, २८ जानेवारी

बयाबाईंना माहीत आहे.

फडकं घेऊन काचेपाशी आल्या. बराच वेळ उभ्या. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ‘मी सांगिटलंतं की वो ताई,’ असं पुटपुटल्या.

मग काच पुसली. अलगद, कोपऱ्यापर्यंत. चेहरा पुसावा तशी.

मी येतो म्हणून गेल्या. येणार नाहीत.

गुरुवार, २९ जानेवारी

अक्षरं उजवीकडून डावीकडे पडताहेत. सरळ काढायला गेले तर हात अडतो. हे कुणाला वाचता येईल—

चार वाजले की ऊन अंगावर चढतं. तेवढी एकच ऊब.

क्रांतीताई रोज साडेचारला समोर येऊन उभ्या राहतात. निळा ड्रेस घालतात. माझा. पदर नाही म्हणून हात खांद्याशी जाऊन परत येतो. माझ्याकडे फोटोकडे बघावं तसं बघतात. दुष्टपणानं नाही. दोन वर्षं इथून बघत होत्या, हे कसं असतं ते त्यांना ठाऊक आहे.

काल उदबत्ती लावली. मला.

शुक्रवार, ३० जानेवारी

घर आवरलं त्यांनी. खिडकी पुसली. पूर्णिमाला आवडतात तशा वड्या थापल्या, नारळाच्या, गूळ घालून. मला माहीत नव्हतं तिला काय आवडतं. त्यांनी विचारलं असेल. काहीही कर, असं त्यांना नाही म्हणाली ती.

गुणगुणत होत्या. अठरा वर्षं दार वाजायची वाट बघितलेली बाई—

मी असते तर इतकं नीट केलं असतं का—

असते तर.

शनिवार, ३१ जानेवारी

नऊ चाळीस. रिक्षा थांबली. तिचा आवाज. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतेय, अगदी माझ्यासारखी—

क्रांतीताई, ऐका. दार मला उघडू द्या. एकदाच. तिनं मला ओळखलं नाही तरी चालेल. मग चार दिवस तुमचे, पुढचं सगळं तुमचं, मी इथून हलणार नाही—

पहिला मजला.

तुम्ही नाहीच म्हणणार. माहीत आहे. तुमच्या जागी मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. इतकी वर्षं कुणी बघितलं नाही, आणि आता कुणीतरी जिने चढून बघायलाच येतंय, ते कुणी सोडेल—

दुसरा. दमली वाटतं, थांबली.

बरं, दार नको. खुर्ची. तिला खुर्चीत बसवाल ना, तेव्हा खुर्ची एवढी वळवा, भिंतीकडे, नुसती एवढी, म्हणजे मला तिचा चेहरा— तिला काही कळणार नाही, मी हूं की चूं करणार नाही— क्रांतीताई, तुम्ही खुर्ची कुठे नेताय, राहू द्या ती, निदान इकडे तोंड—